अपघात झाला, गाडी तुम्ही चालवत होता: पुढच्या तासाभरात काय कराल?

ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर जिल्ह्यातला एक व्हिडिओ बहुतेकांच्या मोबाइलवर फिरला. नागपूर–जबलपूर महामार्गावर ट्रकची धडक बसली आणि मोटारसायकलवर मागे बसलेली महिला गेली. ट्रक थांबला नाही. नवऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात केले, त्याही थांबल्या नाहीत. शेवटी त्याने पत्नीचा मृतदेह मोटारसायकलवरच बांधला आणि गावाकडे निघाला.

त्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात बसलेला प्रत्येक जण न थांबलेल्या लोकांना नावं ठेवत होता. ट्रकवाल्याबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही. "तो काय, पळणारच. थांबला असता तर लोकांनी मारला असता," असं एक पेशंट म्हणाला आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. म्हणणारा स्वतः पिकअप चालवतो, म्हणून ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. उद्या त्याच्या हातून काही झालं तर काय करायचं, हे त्याने आजच ठरवून ठेवलं आहे.

मी खर्ड्यात जनरल प्रॅक्टिस करतो. आमचं गाव जामखेड तालुक्याच्या टोकाला, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या हद्दीजवळ. जामखेड वीस-पंचवीस किलोमीटर, अहिल्यानगर शंभरच्या आसपास. दिवाळीनंतर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि रिफ्लेक्टर असला तर चिखलाने झाकलेला असतो. आषाढात पैठणहून पंढरपूरला निघालेली नाथांची पालखी इथे मुक्कामाला येते, तेव्हा हाच रस्ता पायी चालणाऱ्यांचा होतो. जानेवारी २०२५ मध्ये तालुक्यातल्या जांबवाडी शिवारात बोलेरो रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळून चार तरुण मुलं गेली. महाराष्ट्रात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १५,२२४ माणसं मेली, देशात १,६८,४९१. त्याच वर्षी देशात 'धडक देऊन पसार' या एका प्रकारात ३०,००० हून अधिक जीव गेले.

अपघात कसा टाळावा यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. अपघात झालाच आणि स्टिअरिंगमागे तुम्ही असाल तर काय करायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

पळावं की थांबावं? कायदा नेमका काय म्हणतो

जानेवारी २०२४ चे पहिले दोन दिवस आठवा. ट्रक आणि टँकरचालकांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये नवं पोटकलम आलं होतं: निष्काळजीपणे गाडी चालवून कुणाचा मृत्यू झाला आणि चालक पोलिसांना न कळवता पळाला, तर १० वर्षांपर्यंत कैद. चालकांचं म्हणणं होतं की थांबलो तर जमाव मारेल आणि निघालो तर १० वर्षं आत. सरकारने चर्चेचं आश्वासन दिलं. १ जुलै २०२४ ला नवे कायदे लागू झाले तेव्हा हे एकच पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास ५ वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं पहिलं पोटकलम मात्र लागू झालं.

या गदारोळात गावोगावच्या चालकांनी एवढंच ऐकलं की "ते १० वर्षांचं रद्द झालं". म्हणजे पळायला हरकत नाही, असा सोयीचा अर्थ काढला गेला. तो चुकीचा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ १९८८ पासून आहे आणि ते कधीच थांबवलेलं नाही. त्यात चालकावर तीन जबाबदाऱ्या आहेत. जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोहोचवण्यासाठी शक्य ते सगळं करायचं. पोलिसांना माहिती द्यायची, जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत. विमा कंपनीला लेखी कळवायचं. हे केलं नाही तर त्याची वेगळी शिक्षा आहे, अपघातात चूक कुणाचीही असो.

याच कलमात जमावाचा विचार आधीच केलेला आहे. जमाव चवताळला असेल किंवा चालकाच्या हाताबाहेरचं दुसरं कारण असेल, तर जखमीला स्वतः नेण्याच्या जबाबदारीतून सूट आहे. म्हणजे जिवाला धोका वाटून जागेवरून निघालात आणि सरळ पोलीस ठाण्यात गेलात, वाटेत १०८ आणि ११२ ला फोन केलात, तर ते पळून जाणं ठरत नाही. गाडी शेतात लपवून, मोबाइल बंद करून पाहुण्यांकडे चार दिवस जाणं हे पळून जाणं. दोन्हींत जागा सोडलेलीच असते, फरक एका फोनचा असतो. मी वकील नाही, खटल्याच्या तपशिलासाठी वकिलाकडेच जा. पण एवढी गोष्ट प्रत्येक चालकाला ठाऊक असायला हवी.

जमावाची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मार खाऊन आलेल्या चालकांना मी टाके घातले आहेत. माझं निरीक्षण असं की गाडीतून उतरून थेट जखमीकडे गेलेल्या, "कुणीतरी १०८ ला फोन करा, मला धरू लागा" असं ओरडणाऱ्या चालकावर हात उगारला जाण्याची शक्यता कमी होते. काचा बंद करून आत बसलेला किंवा रिव्हर्स घेणारा चालक लोकांना चिडवतो. ही खात्री नव्हे, अंदाज आहे. लोक दगड उचलताना दिसले तर निघा, आणि निघताना फोन लावा.

पहिली दहा मिनिटं

धडक बसली की काही क्षण डोकं बंद पडतं. हात थरथरतात, कानात आवाज येतो. हे प्रत्येकाला होतं. पाच-सहा श्वास सावकाश घ्या आणि आधी गाडीची चावी बंद करा. सीएनजीचा वास, डिझेलची धार किंवा धूर दिसला तर सगळ्यांना बाहेर काढून लांब न्या. विडी-सिगारेट कुणालाही पेटवू देऊ नका. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटलेल्या बसमध्ये २५ जण गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

मग मागून येणाऱ्या गाड्यांचा विचार. चारी इंडिकेटर लावा, त्रिकोणी रिफ्लेक्टर असेल तर गाडीच्या मागे निदान पन्नास पावलांवर ठेवा, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. नसेल तर झाडाची फांदी टाका, एखाद्याला मोबाइलची बॅटरी लावून रस्त्याच्या कडेला उभं करा. रात्रीच्या अपघातात मदतीला धावलेली माणसं दुसऱ्या गाडीखाली येतात, असं आमच्या रस्त्यावरही झालं आहे.

फोन १०८ ला. राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे, फुकट आहे आणि रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. ११२ वर पोलीस. फोनवर पहिलं वाक्य ठिकाणाचं असू द्या. बीडचे विनायक मेटे १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात गेले, तेव्हा आमच्या भागात प्रत्येक पारावर तोच विषय होता. बराच वेळ मदत आली नाही असं त्यांच्या चालकाने माध्यमांना सांगितलं, आणि नेमकं ठिकाण कळण्यातला गोंधळ पुढे चर्चेचा मुद्दा झाला. इतक्या मोठ्या रस्त्यावर, इतक्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत हे घडलं. आपल्या आडरस्त्यावर तर "अलीकडच्या वळणावर" एवढंच सांगितलं जातं. त्यापेक्षा असं सांगा: कुठून कुठे जाणारा रस्ता, मागे गेलेलं शेवटचं गाव, कुठल्या बाजूला तोंड करून गाडी होती, जवळचा किलोमीटरचा दगड, पूल, शाळा, मंदिर किंवा पंप. जखमी किती, कोण बेशुद्ध, कोण गाडीत अडकलंय. फोन आपण होऊन ठेवू नका, समोरच्याला प्रश्न विचारू द्या.

जखमीला हात लावण्याआधी

रुग्णालयात पोहोचण्याआधी माणूस मुख्यतः दोन कारणांनी जातो: श्वास अडल्याने आणि रक्त वाहून गेल्याने. दोन्हींवर साध्या माणसाला काहीतरी करता येतं.

माणूस बोलतोय का ते पाहा. बोलत असेल तर श्वास चालू आहे. बेशुद्ध असेल तर छाती वर-खाली होतेय का पाहा, तोंडात माती, तुटलेला दात, कवळी किंवा उलटी दिसत असेल तर बोटाने बाहेर काढा. श्वास चालू आहे पण शुद्ध नाही आणि उलटी होतेय, तर डोकं, मान आणि पाठ एका रेषेत धरून सगळं अंग एकदम कुशीवर वळवा. श्वास नसेलच तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. बरगडी मोडेल म्हणून घाबरू नका.

रक्ताची धार लागली असेल तर स्वच्छ रुमाल, ओढणी, गमछा जे मिळेल ते जखमेवर ठेवून दाबा आणि दाबूनच ठेवा. दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं. हळद, कॉफी, तंबाखू, माती यांतलं काहीही जखमेत भरू नका. ते सगळं धुऊन काढण्यात आमचा वेळ जातो आणि जखम पिकते ती वेगळीच. हात किंवा पाय चिरडला असेल आणि दाबूनही रक्त थांबत नसेल, तरच जखमेच्या वर रुंद पट्टा आवळून बांधा आणि बांधल्याची वेळ कागदावर लिहून बरोबर पाठवा. वेळ लिहिलेली नसली की पुढच्या डॉक्टरला तो पाय कधीपासून बांधलाय हेच कळत नाही.

मानेची काळजी घ्या. गाडी पेटलेली नसेल, बुडत नसेल, तर जखमीला ओढून बाहेर काढायची घाई नको. हलवायचंच असेल तर एकाने डोकं दोन्ही हातांत धरून मान सरळ ठेवायची आणि बाकी चौघांनी एकदम उचलून फळीवर, दारावर किंवा ट्रॉलीच्या फाळक्यावर ठेवायचं. खांद्यात-पायात धरून झोळीसारखं उचलणं सगळ्यात वाईट. मणक्याचं हाड मोडलं असेल तर त्या एका उचलण्यात माणूस कमरेखाली कायमचा लुळा होऊ शकतो. मोटारसायकलवाल्याचं हेल्मेट, त्याचा श्वास चालू असेल तर, तसंच राहू द्या.

आणि पाणी पाजू नका. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी तांब्या घेऊन उभं असतं. बेशुद्ध माणसाच्या घशातलं पाणी फुफ्फुसात जातं. शुद्धीवरच्यालाही तासाभरात भूल द्यावी लागू शकते, तेव्हा पोट रिकामं लागतं. ओठ ओले करा, तेवढं पुरे. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काही होत नाही.

रुग्णवाहिकेची वाट पाहायची की निघायचं?

याला एकच उत्तर नाही. १०८ वाले "वीस मिनिटांत पोहोचतो" म्हणत असतील आणि जखमी शांत श्वास घेत असेल तर थांबा. रक्त थांबत नसेल, श्वास अडत असेल आणि रुग्णवाहिका लांब असेल तर मिळेल त्या गाडीत आडवं घालून निघा. आधी सगळ्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा डॉक्टरकडे. "इथे काही नाही, सरळ बार्शीला नाहीतर नगरला नेऊ" असा सल्ला गर्दीत हमखास येतो. आमच्याकडे सीटी स्कॅन नाही, ऑपरेशन थिएटर नाही, हे खरं. पण श्वासनलिका मोकळी करणं, ऑक्सिजन, रक्त थांबवणं, सलाइन, मोडलेल्या हाडाला फळी आणि पुढच्या रुग्णालयाला आधी फोन एवढं होतं. तो फोन झाला की तिकडे सर्जन तयार राहतो. डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेला पेशंट मात्र पहिल्या उपचारानंतर सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन असलेल्या ठिकाणीच जायला हवा. दोन-तीन दवाखाने फिरण्यात त्याचा वेळ घालवू नका.

बघ्यांना सांगा की मदतीला घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ ला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना कायद्याचं बळ दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्यावर खटला नाही, नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. गंभीर जखमीला वेळेत पोहोचवणाऱ्यासाठी केंद्राने 'राहवीर' योजनेत २५,००० रुपयांचं बक्षीसही ठेवलं आहे. बक्षिसासाठी कुणी थांबेल असं मला वाटत नाही, पण "पोलिसांचं लचांड मागे लागेल" म्हणणाऱ्याला सांगायला बरं पडतं.

"मला काही नाही झालं, डॉक्टर"

डॉक्टर म्हणून मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या वाक्याची.

काही वर्षांपूर्वी उसाच्या सीझनमध्ये संध्याकाळी एक पिकअप ट्रॉलीवर मागून आदळली. चालकाने शेजारी बसलेल्या भावाला माझ्याकडे आणलं, भावाच्या कपाळाला खोक होती. मी टाके घालत होतो आणि चालक बाकावर बसून फोनवर गाडीमालकाला हकीकत सांगत होता. दोनदा विचारलं, दोनदा "मला काही नाही" म्हणाला. टाके संपवून वळलो तर त्याचा चेहरा पांढरा पडलेला, कपाळावर गार घाम. नाडी १२० च्या वर. शर्ट वर केला तर पोटावर आडवा लालसर वळ. पोटात रक्तस्राव होत होता. सलाइन लावून त्याला पुढे पाठवलं, प्लीहा फाटली होती, ऑपरेशन झालं, वाचला. पण तो भावाला सोडून घरी गेला असता तर रात्री झोपेतच गेला असता.

दुसऱ्या एकाच्या बाबतीत मी चुकलो. तरुण मुलगा, मोटारसायकलवरून पडला होता, डोक्याला टेंगूळ, एकदा उलटी झालेली, पण गप्पा मारत होता. मी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, दुखण्याची गोळी दिली आणि "काही वाटलं तर या" म्हणून सोडलं. काय वाटलं तर यायचं ते नीट सांगितलं नाही. रात्री आई उठवायला गेली तर तो उठेना. कवटीच्या आत रक्त साचलं होतं. जीव वाचला, उजवा हात आजही नीट चालत नाही. तेव्हापासून मी घरच्यांना समोर बसवून सांगतो आणि लिहूनही देतो.

असं का होतं? धडकेनंतर शरीरात अॅड्रेनालिन उसळतं. त्यामुळे काही तास दुखणं जाणवत नाही, मोडलेल्या पायावरही माणूस चालतो. चालकाच्या बाबतीत भीती, पोलीस, समोरचा जखमी, गाडीचं नुकसान एवढं डोक्यात असतं की स्वतःच्या शरीराकडे लक्षच जात नाही. शिवाय काही इजा उशिरा बोलतात. कवटीच्या आतली रक्तवाहिनी फाटली तर माणूस आधी काही काळ पूर्ण शुद्धीवर असू शकतो आणि रक्त साचत गेलं की मग बेशुद्ध पडतो. तो मधला बरा दिसणारा काळ फसवा असतो. पोटातली प्लीहा किंवा यकृत हळूहळू झिरपत राहतं.

म्हणून चालकाने, लागलेलं दिसत नसलं तरी, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं. पुढचे २४ ते ४८ तास एकटं राहू नये, दारू घेऊ नये आणि गाडी चालवू नये. घरच्यांनी रात्री दोन-तीनदा उठवून नाव, वार विचारावा. खालीलपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्या:

- वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, असंबद्ध बोलणं, न आवरणारी झोप, झटका, एका बाजूला अशक्तपणा, नाका-कानातून पाणी किंवा रक्त
- पोट दुखणं, फुगणं, कडक होणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, लघवीत रक्त, चक्कर, गार घाम
- श्वास घेताना छातीत कळ, धाप
- मानेच्या मधोमध हाडावर दुखणं, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा, लघवी अडणं

सीट बेल्टचा वळ पोटावर उमटला असेल तर तो डॉक्टरला आपण होऊन दाखवा. याचा अर्थ बेल्ट लावू नये असा घेऊ नका. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर बेल्टशिवाय होते. बेल्टने प्लीहा फाटलेला माणूस ऑपरेशन करून घरी जातो, बेल्ट नसलेला काचेतून बाहेर जातो.

हृदयविकारासाठी किंवा पक्षाघातानंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही किरकोळ समजू नका. गाडीतली बाई गरोदर असेल तर पोटाला लागलेलं नसलं तरी रुग्णालयात न्या, बाळाचे ठोके तपासा. तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही सांगा, एक इंजेक्शन वेळेत द्यावं लागू शकतं. आणि तपासणीआधी गावातल्या गावात दुखण्याचं इंजेक्शन मारून घेऊ नका. पोटाचं दुखणं दबतं आणि डॉक्टरची फसगत होते.

रुग्णालयात: पोलीस केसची भीती

"डॉक्टर, एमएलसी नको करू. आपसात मिटलंय." हे मला महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवलेली वैद्यकीय नोंद. ती कुणाला गुन्हेगार ठरवत नाही. कधी, कसं, कुठे लागलं एवढं ती लिहून ठेवते. पुढे विमा, नुकसानभरपाईचा दावा, नोकरीतली रजा यासाठी हाच कागद लागतो. पाच हजारांत मिटवलेल्या केसमध्ये महिन्याने कळतं की खुब्याचं हाड मोडलंय, आणि तेव्हा हातात काही नसतं. भरपाईचा दावा दाखल करायला कायद्यात ६ महिन्यांची मुदत लिहिली आहे.

उलट बाजूही सांगतो. पोलीस येईपर्यंत किंवा पैसे भरेपर्यंत उपचार सुरू करणार नाही, असं कुठलाही डॉक्टर म्हणू शकत नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच ते स्पष्ट केलं. गाडीने उडवलेल्या एका स्कूटरवाल्याला एका रुग्णालयाने वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं आणि तो वाटेत गेला, या बातमीवरून तो खटला उभा राहिला होता. कलम १३४ मध्येही डॉक्टरवर हीच जबाबदारी आहे.

पैशांची अडचण असेल तर दोन गोष्टी विचारा. केंद्राने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली: अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंत, योजनेतल्या रुग्णालयात. योजनेत नसलेल्या रुग्णालयात पेशंट स्थिर होईपर्यंतचाच खर्च त्यात येतो. यासाठी पोलिसांकडे अपघाताची नोंद लागते, हे आणखी एक कारण ११२ ला फोन करण्याचं. राज्याच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतही अपघाताचे उपचार आहेत, योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो, त्याला आधी गाठा. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. अर्ज मात्र करावा लागतो, आणि अनेक कुटुंबांना ही तरतूदच माहीत नसते.

रक्ताच्या तपासणीबद्दल. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये दोन तरुण अभियंते गेले, आणि त्यानंतर चालकाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. आमच्या व्यवसायाला लाज आणणारी ती गोष्ट. जुलै २०२४ मध्ये वरळीत स्कूटरवरच्या महिलेला फरपटत नेणारा चालक दोन दिवसांनी सापडला, तोवर रक्तात काही सापडायची शक्यता संपलेली होती. दारूची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. तुम्ही प्यायलेला नसाल तर लगेच दिलेला नमुना हा तुमच्याच बाजूचा पुरावा आहे. पळालात तर तो पुरावा तुमच्या हातून जातो आणि "प्यायला असेल म्हणून पळाला" एवढंच उरतं.

अपघात का झाला, हेही विचारा

डुलकी, मोबाइल, वेग ही कारणं सगळे मोजतात. मी आणखी दोन प्रश्न विचारतो: धडकेआधी काय झालं ते आठवतंय का, आणि जेवला होतात का? मधुमेहाचं इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेऊन उपाशी गाडी चालवणाऱ्याची साखर अचानक उतरते. माणूस घामाघूम होतो, गोंधळतो आणि प्यायल्यासारखा वागतो. लोक त्याला दारुडा म्हणून झोडपतात. चालक असंबद्ध बोलत असेल तर पहिल्यांदा साखर तपासा. काहींना फीट आलेली असते, काहींच्या हृदयाचे ठोके चुकलेले असतात. रात्री जोरात घोरणारा आणि दिवसा बसल्या जागी पेंगणारा चालक झोपेतल्या श्वासाच्या आजाराचा असू शकतो, त्यावर उपचार आहेत.

इथे आम्हा डॉक्टरांचाही वाटा आहे. चाळिशीनंतर लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. ते किती ठिकाणी पेशंटला न बघता सही होऊन मिळतं, हे वाचकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मीही पूर्वी ओळखीच्या माणसाला दोन मिनिटांत सही दिली आहे. आता नजर, रक्तदाब, साखर आणि फीटचा इतिहास विचारल्याशिवाय देत नाही. त्यावरून दोन-तीन जण रागावून दुसरीकडे गेले.

नंतरचे आठवडे

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान आणि पाठ आखडते, बहुतेकदा ते स्नायूंचं असतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं. मनाचं तेवढ्या लवकर उतरत नाही. ज्याच्या गाडीखाली कुणी गेलं त्या चालकाकडे सहानुभूतीने बघायला कुणी तयार नसतं, आणि तो स्वतःही बोलत नाही. डोळे मिटले की तोच आवाज येतो, झोप लागत नाही, त्या रस्त्याने जायचं टाळतो, दारू वाढते. पहिले काही दिवस हे अपेक्षित आहे. महिना उलटला तरी तसंच असेल, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. बायका-आयांनी यात पुढाकार घ्यावा, कारण तो माणूस आपण होऊन येत नाही.

तो पिकअपवाला पेशंट परवा रक्तदाब तपासायला आला होता. त्याच्या गाडीत त्रिकोणी रिफ्लेक्टर, दोन स्वच्छ पंचे, बॅटरी, आणि त्याचा रक्तगट व घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगितली. "चिठ्ठी कशाला, मोबाइलमध्ये आहे की," तो म्हणाला. मोबाइलला लॉक आहे का विचारलं, तर होतं. मग माझ्याच पॅडचा कागद फाडून लिहून दिला.